कोल्हापुरात सपाट स्लॅबवर इन्सुलेशन किती जाड घालावं?

प्रश्न थोडक्यात असा. फुलेवाडी रिंग रोडच्या बाजूला घर आहे. वरच्या मजल्यावर झोपायच्या दोन खोल्या, त्यांच्यावर हजार चौरस फुटांचा पाच इंची सपाट स्लॅब आणि त्यावर दहा-बारा वर्षांपूर्वी केलेला विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा. मार्च ते मे रात्री अकरा वाजले तरी छतातून धग येते. जावई अमेरिकेत मिनियापोलिसला असतात. ते म्हणतात, किमान सहा इंच फोम घाला, इकडे सपाट छतावर त्याहून कमी कुणी घालत नाही. इथला ठेकेदार म्हणतो, एक इंच बोर्ड आणि वर पांढरा 'हीटप्रूफ' रंग मारला की झालं. ऐकायचं कुणाचं?

जावयांचा आकडा त्यांच्या गावासाठी बरोबर आहे आणि ठेकेदाराचा पांढरा रंगही बरोबर आहे. तुमच्या छतावर मात्र या दोघांच्या मधला आकडा बसतो: दोन इंच, म्हणजे ५० मिमी. वरचा पृष्ठभाग पांढरा आणि बोर्डाखाली पाणी अडकणार नाही अशी मांडणी, या दोन गोष्टी त्याच्या जोडीला हव्यात. जाडीचा निर्णय खरं तर पाच मिनिटांचा असतो. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा पाण्यापायी, म्हणून खाली त्यावरच जास्त लिहिलं आहे. आधी जाडीचं गणित उरकून घेऊ, म्हणजे जावयांना सांगताना हातात काहीतरी असेल.

मिनियापोलिसच्या हिवाळ्यात घरात २१ अंश आणि बाहेर उणे १५ असणं हे काही नवल नाही. म्हणजे छताच्या दोन बाजूंत ३६ अंशांचा फरक. तो दिवसरात्र असतो आणि थंडी चार-पाच महिने हटत नाही. त्यात घरातली दमट हवा वर चढून छताच्या गार थराला लागली की तिथेच तिचं पाणी किंवा बर्फ होतो. त्यामुळे तिथली जाडी इंधन वाचवते आणि छत आतून कुजू देत नाही. तिथल्या ऊर्जा कोडमध्ये व्यावसायिक इमारतींच्या सपाट छतावर आर-३० इतका रोध (आर म्हणजे उष्णता अडवण्याच्या ताकदीचं तिकडचं माप) मागितला आहे. चांगल्या फोमचा एक इंच म्हणजे साधारण आर-५, म्हणून सहा इंच. घरांच्या माळ्यावर तर त्याच्या दुपटीपर्यंत जातात.

आपल्याकडे हवेतला फरक किरकोळ आहे. एप्रिलमध्ये बाहेर ३७-३८ अंश, खोलीत ३०-३२. त्रास हवेचा नाही, उन्हाचा आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य कोल्हापुरात बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी भिंतींना ऊन तिरपं लागतं आणि सगळा मारा गच्चीवर होतो, चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास. काळपट पडलेला कोबा ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो. पण हे काही तासच. रात्री आकाश मोकळं असलं की तोच कोबा उष्णता वर सोडत गार होतो. म्हणजे आपल्याला दुपारचे पाच-सहा तास निभवायचे आहेत, अख्खा हिवाळा नव्हे.

आता आकडे. कुठल्याही थराचा रोध म्हणजे जाडी भागिले त्या पदार्थाची उष्णतावाहकता. काँक्रीटची वाहकता १.५८, विटांच्या कोब्याची साधारण ०.८ आणि एक्सपीएस बोर्डाची (टणक फोमचा एक प्रकार, त्याबद्दल पुढे) ०.०३ धरा. कोबा टाकला की घर गार राहतं असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. या हिशेबात चार इंची कोब्याचा रोध भरतो चार मिलिमीटर बोर्डाइतका! कोबा उष्णता अडवत नाही, उशिरा पोचवतो. तुमची रात्री अकराची धग ती हीच, दुपारी दोनला कोब्यात आणि स्लॅबमध्ये साठलेली. उलट बाजूनं पाहायचं तर दोन इंची बोर्डाइतका रोध नुसत्या काँक्रीटनं मिळवायला साडेआठ फूट जाडीचा स्लॅब लागेल.

तुमचा स्लॅब, कोबा, खालचा गिलावा आणि दोन्ही बाजूंचे हवेचे पापुद्रे मिळून रोध ०.४३ येतो. म्हणजे यू-मूल्य (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे किती वॅट जातात तो आकडा) २.३. वरचा पृष्ठभाग ६५ आणि खोली ३० अंश धरली तर चौरस मीटरमागे ८१ वॅट खाली येतात. एक इंच बोर्ड घातला की हे २८ वर येतं. दोन इंचांना १७, तीनला १२, चारला साडेनऊ. पहिल्या इंचानं ५३ वॅट वाचवले, दुसऱ्यानं ११, तिसऱ्यानं ५ आणि चौथ्यानं अडीच. पाचवा-सहावा इंच तुमच्या पंख्याच्या वाऱ्यातही जाणवायचा नाही. हे आकडे तुलनेसाठी आहेत. प्रत्यक्षात स्लॅबच्या वजनामुळे माथ्याचा, म्हणजे दिवसातला सगळ्यात मोठा, आकडा थोडा खाली येतो आणि उशिरा येतो, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं.

आता यातली गंमत बघा. मिनियापोलिसला दोन इंचच घातले तर ३६ अंशांच्या फरकानं तिथेही चौरस मीटरला १७-१८ वॅटच जातील, तुमच्या दुपारइतकेच. फक्त ते चोवीस तास, महिनोन्‌महिने जात राहतील आणि प्रत्येक वॅटचं बिल भरावं लागेल. म्हणून तिथे सहा इंच परवडतात. जावयांना एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरे.

मग एकच इंच का नको? कारण खर्चाची रचना. बोर्डाची किंमत जाडीप्रमाणे वाढते, पण त्याखालचं वॉटरप्रूफिंग, वरचा काँक्रीटचा थर, टाईल आणि मजुरी एका इंचाला जेवढी लागते तेवढीच दोन इंचांना लागते. एवढं सगळं उकरून काम करायचं आणि बोर्डात कंजुषी करायची, यात काही हशील नाही. शिवाय आराम वॅटपेक्षा छताच्या खालच्या पृष्ठभागावर जास्त अवलंबून असतो. आज तुमचं छत दुपारी ४३-४४ अंशांना जात असणार. खोलीची हवा ३० असली तरी डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. दोन इंचांनंतर तेच छत ३३ च्या आसपास राहतं, एका इंचाला ३५ च्या जवळ.

नियमांकडे बघायचं तर निवासी इमारतींसाठीच्या 'इको निवास संहिता २०१८' मध्ये छताचं यू-मूल्य जास्तीत जास्त १.२ धरलं आहे. तुमच्या छताला ते अर्धा इंच बोर्डानंही गाठता येतं, म्हणून नियम पाळला एवढ्यावर समाधान मानू नका. व्यावसायिक इमारतींच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन संहितेत थंड प्रदेश सोडून बाकी ठिकाणी बहुतेक इमारतींना ०.३३ मागितलं आहे. त्याला तीन इंच लागतात. दिवसभर एसी चालणारं ऑफिस किंवा दवाखाना असता तर मीही तीनच सांगितले असते. तुमच्या एका खोलीत रात्रीपुरता एसी आहे, तिथे दोन बस्स.

कशानं हे उत्तर बदलेल तेही सांगतो. वरच्या खोल्या दिवसा रिकाम्या असतील आणि बजेट अडत असेल तर आधी नुसता पांढरा पृष्ठभाग करून एक उन्हाळा काढा. शेजारची उंच इमारत दुपारी दोननंतर गच्चीवर सावली टाकत असेल तर एक इंच चालेल. खोलीच्या पश्चिमेला मोठी उघडी खिडकी असेल तर छतावर कितीही घाला, संध्याकाळी खोली तापणारच. आधी खिडकीवर छज्जा किंवा बाहेरून पडदा. आणि छताला आधीच ओल असेल तर इन्सुलेशनचा विषय ओल जाईपर्यंत बाजूला ठेवा.

ठेकेदाराच्या पांढऱ्या रंगाला मी हसत नाही. चांगला पांढरा पृष्ठभाग त्याच उन्हात ४५ अंशांच्या आसपास थांबतो. बोर्ड नसतानाही खाली येणारी उष्णता ८१ वरून ३५ वॅटवर येते, म्हणजे निम्म्याहून कमी. एवढ्या कमी पैशात एवढं काम दुसरं काहीच करत नाही. अडचण टिकण्याची आहे. आपल्याकडे धूळ बसते, पावसाळ्यात शेवाळ धरतं, आणि घर साखर कारखान्याच्या वाऱ्याखाली असेल तर गळीत हंगामात काजळी पडते. मळलेला पांढरा ५२ अंशांपर्यंत जातो आणि वॅट परत पन्नाशीला. म्हणून रंग असो की चुन्याची सफेदी, हंगाम संपला की मार्चमध्ये गच्ची घासून धुवायची आणि गरज असेल तर नवा हात द्यायचा. पांढरी चायना मोझॅक किंवा खडबडीत पांढरी टाईल नुसत्या धुण्यानं परत उजळते, म्हणून मला रंगापेक्षा ती बरी वाटते. गुळगुळीत चकचकीत टाईल मात्र लावू नका. जुलैत त्यावर पाय घसरतो. आणि डब्यावर 'हीटप्रूफ' लिहिलेलं असलं तरी रंगाचा अर्धा मिलिमीटर थर उष्णतेला रोध करत नाही. तो ऊन परतवतो, एवढंच त्याचं काम. पांढरा पृष्ठभाग आणि दोन इंच बोर्ड एकत्र आले की माथ्याचा आकडा सात-आठ वॅटवर येतो. एकट्या सहा इंचांनीही जेमतेम तेवढंच साधतं, पैसे मात्र कितीतरी जास्त.

बोर्ड स्लॅबच्या वर घालायचा की खाली? वर. खालून फोम लावून जिप्समचं फॉल्स सीलिंग केलं तर खोलीला आराम मिळतो, काम दोन दिवसांत होतं, धूळही कमी. पण स्लॅब उन्हात तसाच राहतो. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे सुमारे एक शतांश मिलिमीटर वाढतं. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान ३० अंशांनी वरखाली झालं की तो तीन मिलिमीटर पुढेमागे होतो, रोज. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खालोखाल भिंतीला आडवी भेग दिसते, रंगारी दरवर्षी ती बुजवतो आणि ती दरवर्षी परत उघडते. त्याचं कारण हे. बोर्ड वर घातला की स्लॅब सावलीत आल्यासारखा होतो, हालचाल मंदावते आणि खालचं वॉटरप्रूफिंगही उन्हापासून वाचतं. शिवाय फॉल्स सीलिंगच्या मागे गळती लागली तर ती महिनोन्‌महिने दिसत नाही. भाड्याचा फ्लॅट असेल, गच्ची आपल्या ताब्यात नसेल, तरच खालून.

बोर्ड कुठला? कोब्याखाली गाडायचा असेल तर एक्सपीएसच, म्हणजे दाबून काढलेला पॉलिस्टायरीन. त्याच्या पेशी बंद असतात, पाणी नगण्य शिरतं. साधा थर्माकोल स्वस्त पडतो, पण दाण्यादाण्यांच्या फटींतून हळूहळू पाणी पितो, आणि भिजलेलं इन्सुलेशन म्हणजे नसल्यासारखंच. ओळखणं सोपं आहे. तोडल्यावर दाणे सुटे झाले तर थर्माकोल, कापलेली कड एकसंध आणि बारीक दिसली तर एक्सपीएस. फवारून मारायचं पीयू फोम रोधाला उत्तम, वेड्यावाकड्या पृष्ठभागावरही बसतं. पण त्याला ऊन सोसत नाही, वरचं कोटिंग ठरावीक वर्षांनी परत मारावं लागतं, पक्षी टोचतात आणि चालण्यानं दबतं. ज्या गच्चीवर एप्रिलमध्ये कुरडया आणि सांडगी मिरच्या वाळत घालायच्या आहेत, तिथे टणक पृष्ठभाग हवा. त्यामुळे तुमच्यासाठी एक्सपीएस. दाबसहनशक्ती किमान २५० किलोपास्कल, घनता ३२ ते ३६ किलो घनमीटरला, कडा खाच असलेल्या, म्हणजे एकावर एक बसणाऱ्या.

आता पाणी. पहिला निर्णय जुन्या कोब्याचा. फेब्रुवारीत, पाऊस जाऊन चार महिने झाल्यावर, गच्चीच्या सगळ्यात सखल दोन-तीन जागी फूटभर चौरस कोबा स्लॅबपर्यंत फोडून बघा. आतल्या विटा ओलसर, काळ्या निघाल्या किंवा हातोडीनं ठोकताना ढब आवाज येत असेल तर कोबा काढावाच लागेल. ओल्या कोब्यावर वॉटरप्रूफिंगचा थर मारणं म्हणजे पाण्याच्या पिशवीचं तोंड बांधणं. उन्हानं आतली वाफ थराला फुगे आणते आणि उरलेलं पाणी पुढचे कित्येक महिने खाली छतावर पोपडे काढत राहतं. मग लोक म्हणतात नवीन वॉटरप्रूफिंग फेल गेलं.

काढायचा ठरला तर हजार चौरस फुटांच्या कोब्याचं वजन सतरा-अठरा टन भरतं, हे लक्षात असू द्या. छिन्नीनं किंवा हलक्या ब्रेकरनं काढायचा. मोठा ब्रेकर स्लॅबला खालून हादरवतो. राडारोडा स्लॅबच्या मधोमध ढीग करून ठेवू द्यायचा नाही, रोजच्या रोज खाली उतरवायचा.

कोबा कोरडा आणि पक्का निघाला तर ठेवायला हरकत नाही, पण वजनाचा हिशेब करा. कोब्याचे चौरस मीटरला १८०-१९० किलो आधीच आहेत. त्यावर ४५ मिमी काँक्रीटचे १०५ आणि टाईल-मसाल्याचे ४० आले की तीनशेच्या वर जातं. बोर्डाचं स्वतःचं वजन पावणेदोन किलो, ते सोडा. स्लॅब पाच इंची असला तरी त्यातली सळई आणि गाळा किती लांब हे बघितल्याशिवाय मी 'चालेल' म्हणणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवून विचारा. तो नको म्हणाला तर कोबा काढून हलक्यात करायचं.

दुसरी गोष्ट उतार आणि पातळी. कोल्हापुरात पाऊस नुसता पडत नाही, जुलैत तो मुक्कामाला येतो. गगनबावड्याच्या बाजूला घर असेल तर त्याच्या कितीतरी पट. पाण्याला शंभरात एक हा उतार किमान, ऐंशीत एक ठेवा. वीस फुटांच्या धावेला तो तीन इंच येतो. उतार वॉटरप्रूफिंगच्या खाली द्यायचा, बोर्डाच्या वर नाही. गवंडी हटकून वरच्या मसाल्यात उतार काढू बघतो. मग वरून पाणी वाहतं आणि बोर्डाखाली तळं साचतं. पाईप दर चारशे-पाचशे चौरस फुटांना एक चार इंची, आणि गच्ची कितीही लहान असली तरी कमीत कमी दोन. एकात पिंपळाचं पान अडकलं की दुसरा हवाच.

पातळी आधी दोरीनं बघून घ्या. बोर्ड ५०, काँक्रीट ४५, टाईल २०, म्हणजे गच्ची साडेचार इंचांनी वर येणार. त्यानं दोन घोटाळे होतात. जिन्याच्या टोपीतला दरवाजा, त्याचा उंबरा नव्या गच्चीच्या खाली जातो आणि पहिल्याच वळवाला पाणी जिन्यातून उतरतं. उंबरा आधी चढवून घ्या, नव्या पातळीच्या वर निदान चार इंच. आणि कठडा. साडेचार इंच गेल्यावर तो एक मीटरच्या खाली येत असेल तर वर पाईपचं रेलिंग लागेल. घरात लहान मुलं असतील तर यात चालढकल नको. जुना कोबा काढला तर दोन्ही प्रश्न बरेच सुटतात, हाही कोबा काढण्याच्या बाजूचा एक मुद्दा.

थरांचा क्रम असा: स्लॅब, उताराचा थर, कोपऱ्यांना गोलाईची वाटा, वॉटरप्रूफिंग, बोर्ड, जिओटेक्स्टाईल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड), जाळीचं काँक्रीट, टाईल. वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या खाली असतं, म्हणून याला उलटं छत म्हणतात. वॉटरप्रूफिंगला तुम्ही पॉलिमर-सिमेंटचे जाळीसह दोन हात द्या किंवा गॅसच्या ज्योतीनं तापवून चिकटवायची डांबरी शीट वापरा, दोन्ही चालतात. शीट असेल तर चिकटवणं पूर्ण संपून ती गार झाल्यावरच बोर्ड आणायचा, कारण एक्सपीएस ७५ अंशांच्या पुढे मऊ पडतो. थिनर असलेले प्रायमर, गोंद यांनीही तो विरघळतो. कठड्यावर हा थर स्लॅबपासून फूटभर चढवा, म्हणजे नव्या टाईलच्या वर सहा-सात इंच उरतो. वरची कड कठड्यात खाच मारून आत दाबायची. नुसती गिलाव्यावर संपवली तर दोन वर्षांत ती सुटते आणि कठड्यावरून ओघळणारं पाणी तिच्या मागे जातं.

इथे पहिली पाणी-चाचणी. पाईपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ७२ तास उभं करायचं आणि खालून छत, कोपरे, पंख्याच्या हुकाभोवती बघायचं. ही चाचणी बोर्ड घालायच्या आधीच. नंतर गळती निघाली तर ती नेमकी कुठून, हे शोधायला सगळं उचकटावं लागतं.

बोर्ड एकाच थरात घाला. दोन इंच हवेत म्हणून एक-एक इंचाचे दोन थर टाकू नका. दोघांच्या मध्ये पाण्याचा पापुद्रा अडकतो आणि वरून निघू पाहणारी वाफ कोंडून खालचा बोर्ड वर्षानुवर्षांत ओलावत जातो. सांधे विटांसारखे सरकवून घ्यायचे, बोर्ड चिकटवायचा नाही, सुटा ठेवायचा. जेवढे बोर्ड त्या दिवशी झाकता येतील तेवढेच पसरायचे. एप्रिल-मेचा वळीव आला की झाकलेले नसलेले बोर्ड आधी वाऱ्यानं उडतात, उरलेले पाण्यावर तरंगतात. गठ्ठे उन्हात ठेवायचे असतील तर पांढऱ्या ताडपत्रीखाली. काळ्या प्लास्टिकखाली ते तापून पिळवटतात.

वर १२०-१५० ग्रॅमचं जिओटेक्स्टाईल, सहा इंचांच्या जोडावर. ते काँक्रीटचं दूध सांध्यांतून खाली जाऊ देत नाही. मग जाळी घालून ४५ मिमी एम-२० काँक्रीट, दहा-दहा फुटांच्या चौकटीत. चौकटींमधली आणि कठड्यालगतची फट पॉलिसल्फाईड सीलंटनं भरायची. कठड्यालगत पाऊण इंच मोकळं सोडलंच पाहिजे. हा वरचा थर आता बोर्डावर बसलाय, त्याची उष्णता खाली जात नाही, म्हणून तो पूर्वीच्या कोब्यापेक्षा जास्त तापतो आणि जास्त वाढतो. फट नसेल तर तो कठड्यालाच बाहेर ढकलतो. टाईलचे सांधेही याच चौकटींवर जुळवा, नाहीतर फट खाली एकीकडे आणि टाईलची भेग भलतीकडे.

सगळ्यात जास्त चुकणारी जागा म्हणजे पाईपचं तोंड. उलट्या छतात थोडं पाणी बोर्डाखाली जातंच, ते तसंच अपेक्षित आहे. ते वॉटरप्रूफिंगवरून वाहत पाईपपर्यंत आलं पाहिजे. गवंडी टाईल लावताना जाळीभोवती सिमेंट भरून तोंड वरच्या पातळीला चोख बसवतो. दिसायला सुबक, पण खालचं पाणी कोंडलं. दोन पातळ्यांवरून पाणी घेणारी, कडेला भोकं असलेली जाळी घ्या आणि तिच्याभोवती सिमेंटऐवजी बारीक खडी भरा. हे काम स्वतः समोर उभं राहून करून घ्यावं, अशा मताचा मी आहे.

पाण्याची टाकी आणि सोलर हीटर यांचे पाय बोर्डावर येता कामा नयेत. हजार लिटरच्या टाकीचं टनभर ओझं चार लहान पायांवर आलं की बोर्ड दबतो, वरची टाईल फुटते. वॉटरप्रूफिंगच्या आधी स्लॅबवर, खाली बीम असेल तिथे, सिमेंटचे ठोकळे उभे करा आणि थर त्यांच्यावर कठड्यासारखाच चढवा. डिश, वाळवणाची तार, सोलरच्या पाईपा, यांसाठीही ठोकळे आत्ताच. काम झाल्यावर कुणीतरी येऊन ड्रिल मारतो आणि सगळ्यावर पाणी.

अजून एक मार्ग राहिला, तो तुम्ही विचारला नाहीत, पण गावात सगळीकडे दिसतो. गच्चीवर पत्र्याचं शेड. सात-आठ फुटांवर, चारी बाजूंनी मोकळं असेल तर ते स्लॅबला सावली देतं आणि पावसापासूनही वाचवतं. मग बोर्डाची गरज जवळजवळ उरत नाही. रंगीत पत्र्याचा वरचा रंग फिकट घ्या. बाजूंना पत्रे मारून बंदिस्त केलंत तर आत गरम हवा कोंडते आणि अर्धा फायदा गेला. वाऱ्यासाठी खांब कठड्याला नुसते बांधून चालत नाहीत, कॉलमवर बोल्टनं पक्के करावे लागतात. महापालिकेच्या परवानगीचंही आधी बघून घ्या. गळका जुना कोबा, कमजोर स्लॅब आणि मर्यादित पैसे अशी तिन्ही दुखणी एकत्र असतील तर मी शेडच सांगेन.

बोर्ड घातल्यावर सवय थोडी बदलावी लागते. आता रात्री खोली छतातून गार होणार नाही. भिंतींतून, खिडक्यांतून दिवसा आलेली उष्णता बाहेर काढायला संध्याकाळी सातनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. दुपारी उलट, बंद ठेवा. एसीवाल्या खोलीचा फायदा असा मोजता येतो: बारा बाय बाराच्या खोलीवरच्या छतातून आज माथ्याला अकराशे वॅटच्या जवळ येतात, दोन इंचांनंतर सव्वादोनशे. एका टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता काढतो, म्हणजे त्याचा पाव भाग मोकळा झाला. पावसाळ्यात एसी २५ वर चालवला तर छताला आतून पाणी सुटेल का, ही भीती नको. तेवढ्या तापमानाला सुटत नाही. गुळाचं कोल्ड स्टोरेज असतं तर मात्र हे उत्तर लागू नाही. तिथे आत कायम गारवा, त्यामुळे वाफ अडवणारा थर बोर्डाच्या बाहेरच्या, गरम बाजूला घ्यावा लागतो आणि जाडीचं गणित पुन्हा थंड देशांसारखंच चोवीस तासांचं होतं.

वेळापत्रक असं धरा. कोबा उकरून बघणं फेब्रुवारीच्या सुरुवातीला, वॉटरप्रूफिंग आणि पहिली चाचणी मार्चच्या मध्यापर्यंत, बोर्ड आणि काँक्रीट मार्चअखेर, टाईल आणि दुसरी पाणी-चाचणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. नंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही. उन्हात ओतलेल्या काँक्रीटवर सात दिवस ओलं पोतं ठेवायला विसरू नका.

कोटेशन घेताना 'इन्सुलेशन बोर्ड, दोन इंच' एवढंच लिहून घेऊ नका. प्रकार, जाडी, घनता आणि दाबसहनशक्ती, चारही कागदावर हवं. हजार चौरस फुटांना १२५० बाय ६०० मिमीचे १२४ बोर्ड लागतात, तुटीसह १३० मागवा. माल आला की गठ्ठ्याच्या मधला एक बोर्ड काढून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. ५० मिमीचा बरोबर घनतेचा बोर्ड १ किलो २०० ते १ किलो ३५० ग्रॅम भरतो. काटा आठशे ग्रॅमला थांबला तर गाडी खाली करून घेऊ नका.